तबेल्यातले शब्द, शर्यतीच्या मोटारी

२२ जुलै १८९४ रोजी पॅरिसहून रुआँ शहराकडे निघालेल्या गाड्यांमध्ये सगळ्यांत आधी मुक्कामी पोचली ती काउंट द दियाँ यांची वाफेवर चालणारी गाडी. १२६ किलोमीटरचं अंतर तिनं ६ तास ४८ मिनिटांत कापलं. तरीही पहिलं बक्षीस काउंटसाहेबांच्या हाती लागलं नाही. स्पर्धा भरवणाऱ्या ‘ल पेती जुर्नाल’ या वृत्तपत्रानं आधीच जाहीर केलं होतं की गाडी धोक्याची नसावी, हाकायला सोपी असावी आणि वापरायला फार खर्चीक नसावी. द दियाँ यांच्या गाडीवर हाकणाऱ्याखेरीज भट्टी सांभाळायला आणखी एक माणूस लागत होता. परीक्षकांना ते पटलं नाही. पहिलं बक्षीस पानार-लव्हासोर आणि प्यूजो या दोन पेट्रोलवाल्या कंपन्यांत वाटून दिलं गेलं आणि सर्वांआधी आलेल्या गाडीची दुसऱ्या बक्षिसावर बोळवण झाली.

ज्या भट्टीवाल्यापायी बक्षीस हुकलं त्याला फ्रेंचमध्ये म्हणत शोफर.

‘शोफे’ म्हणजे तापवणं आणि तापवणारा तो शोफर. रेल्वेच्या इंजिनात, आगबोटीत कोळसा घालणारे हे लोक. त्याआधी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, रात्री घरात घुसून घरमालकाचे पाय विस्तवावर धरायचे आणि दडवलेला पैसा कुठं आहे ते वदवून घ्यायचं, असा उद्योग करणारे दरोडेखोर होते. त्यांनाही शोफरच म्हणत. पेट्रोलच्या गाड्या आल्या तेव्हा भट्टी गेली, तापवणं मात्र गेलं नाही. सुरुवातीच्या अनेक इंजिनांत ठिणगी पाडायची सोय नव्हती. एक छोटी नळी असे, गाडी सुरू करण्याआधी बर्नर पेटवून ती लालबुंद करावी लागे. त्यामुळे शब्द टिकला, आणि मग त्याचं नशीबच उघडलं. १८९०च्या दशकात मोटार बाळगणं आणि ती स्वतः हाकणं हे पॅरिसच्या सरदार-सावकारांचं वेड झालं. हे लोक मोठ्या ऐटीत स्वतःला शोफर म्हणवून घेऊ लागले. अडचण झाली ती बायकांची. शोफरचं स्त्रीलिंगी रूप फ्रेंचमध्ये आधीपासूनच होतं, पण ते शेकोटीजवळ बसायच्या ठेंगण्या खुर्चीचं नाव होतं. उझेसच्या डचेसबाईंनी १८९८ साली पॅरिसमध्ये मोटार हाकण्याचा परवाना मिळवला आणि त्याच वर्षी वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंडही भरला. अशा बाईला खुर्ची म्हणायचं तरी कसं!

पुढे हौस जुनी झाली, धनिकांनी पगारी माणसं ठेवली आणि शब्द मालकाकडून नोकराकडे गेला. इंग्रजीनं तो तिथून उचलला आणि मराठीत आला तोही त्याच उतरत्या अवस्थेत. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांतला शोफर टोपी काढून दार उघडतो, मालकीणबाईंची पार्सलं सांभाळतो. त्याच्या नावात कोळशाची भट्टी धगधगते आहे याचा पत्ता त्यालाही नसतो आणि लेखकालाही.

मुळात १८९४च्या त्या स्पर्धेचं नाव काय होतं? ‘घोड्यांविना गाड्यांची स्पर्धा’. ज्या वस्तूची स्पर्धा भरवली तिला नावच नव्हतं. काय नाही तेवढंच सांगता येत होतं. ‘ऑटोमोबील’ हा शब्द तोवर रुळत होता, पण त्याचं अर्धं अंग ग्रीक आणि अर्धं लॅटिन. शुद्धतावाद्यांना तो संकर खुपला, आणि त्याचं लिंग कोणतं यावर फ्रेंच पंडित बरीच वर्षं भांडले. अमेरिकेत शिकागोच्या ‘टाइम्स-हेरल्ड’नं १८९५ साली शर्यत जाहीर केली तेव्हा सोबत नामकरणाचीही स्पर्धा ठेवली. ५०० डॉलरचं बक्षीस ज्या नावाला मिळालं ते होतं ‘मोटोसायकल’. नाव कागदावरच राहिलं. २८ नोव्हेंबर १८९५ला बर्फातून झालेली शर्यत फ्रँक ड्युरियानं जिंकली, आणि लोक त्या वस्तूला ज्याला जे सुचेल ते म्हणत राहिले. नाव ठरवायला समिती बसली की असंच होतं. आपल्याकडच्या परिभाषा कोशांना याचा अनुभव आहेच.

मराठीनं फार विचार न करता ‘मोटार’ घेतला. मूळ लॅटिनमध्ये ‘मोटर’ म्हणजे हलवणारा, गती देणारा. गंमत अशी की ज्या गावांत विहिरीवर चामड्याची मोट चालत होती तिथं पुढे विजेचा पंप बसला, आणि त्यालाही लोक मोटारच म्हणू लागले. मोट आणि मोटार यांचं कुळ एक नाही, पण मोट गेली आणि मोटार आली हे शेतकऱ्याच्या तोंडी फार सहज बसतं. ‘पाच एचपीची मोटार’ म्हणताना तोही पाच घोडे पाण्याला जुंपत असतो. एचपी, म्हणजे घोड्याची ताकद, हे माप वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटनं चलनात आणलं. त्याला गिऱ्हाइकाला सांगायचं होतं की हे यंत्र किती घोड्यांचं काम करेल.

आता शर्यत. या शब्दाबद्दल मला विशेष माया आहे, कारण मोटारींच्या पहिल्या शर्यतींचं वर्णन तो इंग्रजी ‘रेस’पेक्षा नेमकं करतो. ‘रेस’ नॉर्स भाषेतून आला. तिथं त्याचा अर्थ धावणं, पाण्याचा लोंढा. शर्यतीचं मूळ अरबी ‘शर्त’, म्हणजे अट. अटीवर पैसे लावले की ती पैज होते आणि पैजेसाठी पळवलं की शर्यत. त्याच मुळाचा तिसरा मराठी अवतार म्हणजे शर्थ. आपल्या ‘पैजे’चा उगम संस्कृत ‘प्रतिज्ञे’त, ज्ञानेश्वरीत तो शब्द आहे. ‘शर्यत’ मात्र फारसीच्या वाटेनं आलेली, आणि तिच्या पोटात अट आहे हे विसरून चालत नाही.

जून १८९५ मधली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यत बघा. अंतर १,१७८ किलोमीटर. एमिल लव्हासोर हा पन्नाशीचा कारखानदार आपली पानार-लव्हासोर गाडी घेऊन निघाला. ठरल्यापेक्षा खूप आधी, मध्यरात्रीनंतर, तो गाडी बदलीवर द्यायच्या ठिकाणी पोचला तेव्हा बदलीचा माणूस झोपला होता. लव्हासोर तसाच पुढे गेला. ४८ तास ४८ मिनिटं जवळजवळ अखंड गाडी हाकून, ताशी सरासरी २४ किलोमीटरच्या वेगानं, तो पॅरिसला परतला. दुसरी गाडी यायला काही तास लागले. ही शर्थ झाली. पण अट अशी होती की मोठं बक्षीस चार आसनी गाडीला, आणि लव्हासोरची गाडी दोन आसनी. पहिलं बक्षीस त्याच्यानंतर ११ तासांनी पोचलेल्या केश्लँच्या प्यूजोला गेलं. १८९४ साली द दियाँ अटीवर हरले आणि १८९५ साली लव्हासोर. पॅरिसच्या पोर्त मायो भागात दगडात कोरलेलं स्मारक आहे ते मात्र लव्हासोरचं; चार आसनांच्या गाडीचं नाही.

घोड्यांविना गाड्यांचं कौतुक करणाऱ्यांनी शब्द मात्र सर्रास घोड्यांच्या शर्यतींतले उचलले. ‘ग्रां प्री’ म्हणजे मोठं बक्षीस. पॅरिसजवळच्या लाँशाँ मैदानावर १८६३पासून ‘ग्रां प्री द पारी’ नावाची घोड्यांची शर्यत होत होती. फ्रान्सच्या मोटार क्लबनं तेच नाव १९०६ साली आपल्या शर्यतीला दिलं. ल मांच्या जवळ १०३ किलोमीटरचा एक फेरा, दोन दिवसांत असे १२ फेरे, रणरणतं ऊन, वितळून उडणारं डांबर. रेनोच्या गाडीतून आलेला हंगेरियन मेकॅनिक फेरेंट्स सीस जिंकला. त्याच्या विजयात मोठा वाटा मिशेलिनच्या सुट्या होणाऱ्या रिमचा होता. टायर फुटला की इतर बहुतेकांना तो कापून काढून नवा चढवावा लागे. सीसचे लोक टायर बसवलेली तयार रिमच बदलत. आज फॉर्म्युला वनची प्रत्येक शर्यत कुठली ना कुठली ग्रां प्री असते, आणि तिच्यामागे लाँशाँचा घोडा उभा आहे हे टीव्हीवर कोणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये हा उसनवारीचा प्रकार आणखी उघड होता. १९०३च्या कायद्यानं तिथं रस्त्यावरचा वेग ताशी २० मैलांना बांधला होता. ब्रिटिश कारखान्यांना गाडी पळवून बघायला जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदारानं सरे परगण्यातल्या आपल्या मालकीच्या जागेत स्वखर्चानं सिमेंट काँक्रीटचा मार्ग बांधला, सुमारे पावणेतीन मैलांचा, वळणांवर जवळजवळ ३० फूट उंच उठवलेला. हे ब्रुकलँड्स. १७ जून १९०७ला त्याचं उद्घाटन झालं. पण शर्यती भरवायच्या कशा याचा अनुभव कोणाकडे होता? घोडेवाल्यांकडे. म्हणून अधिकाऱ्याचं पद ‘क्लार्क ऑफ द कोर्स’, गाड्या उभ्या करायची जागा ‘पॅडॉक’, कमी-जास्त ताकदीच्या गाड्यांना मागेपुढे सोडण्याची पद्धत ‘हँडिकॅप’, आणि मैदानात बुकी हजर. एवढंच नव्हे, तर सुरुवातीला मोटारींवर नंबर न टाकता चालकांना जॉकीसारखे रंगीत झगे चढवले. गाडी वेगात गेल्यावर झग्याचा रंग काय कपाळ दिसणार! लवकरच नंबर आले. क्लार्क ऑफ द कोर्स मात्र आजही फॉर्म्युला वनमध्ये आहे.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रविवार घालवलेल्या मुंबईकराला पॅडॉक समजावून सांगायला नको. शर्यतीआधी घोडे फिरवतात ती कुंपण घातलेली जागा. जुन्या इंग्रजीत ‘पॅरक’ म्हणजे कुंपण घातलेली जमीन. त्यातून पॅडॉक आला. ‘पार्क’चाही त्याच घराण्याशी संबंध. म्हणजे गल्लीत ‘नो पार्किंग’च्या पाटीखाली उभी केलेली गाडी आणि शर्यतीच्या पॅडॉकमधली गाडी एकाच कुंपणात आहेत. ‘हँडिकॅप’ हा तर टोपीत हात घालून खेळायच्या देवाणघेवाणीच्या जुन्या खेळाचा शब्द. तिथून तो घोड्यांवर जास्तीचं वजन लादण्याच्या पद्धतीला चिकटला, मग मोटारींना, आणि शेवटी माणसाच्या व्यंगाला. त्या शेवटच्या अर्थानं तो आता हळूहळू टाळला जातो आहे, ते बरंच. सर्वांत पुढची जागा म्हणजे ‘पोल पोझिशन’, तीही घोड्यांच्या धावमार्गाच्या आतल्या कडेला रोवलेल्या खांबावरून. फ्रेंच संघ स्वतःला ‘एक्युरी’ म्हणवतात आणि इटालियन ‘स्कुदेरिया’. दोन्हींचा अर्थ तबेला. एन्झो फेरारीनं १९२९ साली जी स्कुदेरिया काढली तिच्या चिन्हावर पुढे खरोखरच घोडा उधळला.

घोड्यानं एकदा सूडही उगवला. मे १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद शर्यत निघाली. उघडे रस्ते, धुळीचे लोट, दोन्ही बाजूंना दाटलेले बघे, आणि काही गाड्यांचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. बोर्दोपर्यंतच इतके अपघात झाले, चालक आणि बघे इतके मेले, की सरकारनं शर्यत तिथंच थांबवली. मृतांत मार्सेल रेनो होता, रेनो बंधूंपैकी एक. गाड्यांना स्वतःच्या इंजिनावर परत फिरायचीही बंदी झाली. घोडे जुंपून त्या रेल्वे स्टेशनवर ओढत नेल्या गेल्या. त्यानंतर गावोगाव धावणाऱ्या शर्यतींना उतरती कळा लागली आणि बंद फेऱ्यावरच्या शर्यतींचा, म्हणजे ‘सर्किट’चा, जमाना सुरू झाला, तशी पहिली मोठी शर्यत बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात १९०२ साली होऊन गेली होती. मुंबईच्या बोलीत डोकं फिरलेल्या माणसाला सर्किट म्हणतात. खरं तर डोकं फिरलेलं होतं ते सर्किट येण्यापूर्वी.

एक शब्द तेवढा घोड्याचा नाही. १९०८च्या ग्रां प्रीला दिएप इथं संघांची माणसं, टायर आणि पेट्रोल ठेवायला रस्त्याकडेला चर खणले होते. ‘पिट’, म्हणजे खड्डा, हा शब्द तिथून शर्यतीत आला असं इतिहासकार धरून चालतात. आता खड्डा कुठंच नसतो, वातानुकूलित खोल्या असतात. खड्डे आपल्या रस्त्यांवर राहिले.

माणसांच्या नावांचेही शब्द झाले. एमिल येलिनेक हा नीसचा व्यापारी डाइमलर कंपनीच्या गाड्या श्रीमंतांना विकत असे, आणि शर्यतीत उतरताना टोपणनाव लावी आपल्या मुलीचं: मर्सिडीज. १९०१च्या मार्चमध्ये नीसला त्याच्या आग्रहावरून बनवलेल्या नव्या बुटक्या, रुंद, ३५ अश्वशक्तीच्या गाडीनं सगळ्यांना मागं टाकलं, आणि ते नाव गाडीला कायमचं चिकटलं. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ कृपा, आणि त्यामागच्या लॅटिन शब्दाचा अर्थ मजुरी, मोबदला. एका विक्रेत्याच्या मुलीला याहून समर्पक नाव मिळालं नसतं. १९०३ साली येलिनेकनं आपल्या आडनावालाही ते जोडून घेतलं. मुलीनं बापाचं नाव लावायचं ही जगाची रीत. इथं बापानं मुलीचं लावलं.

‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा मालक जेम्स गॉर्डन बेनेट यानं १९०० ते १९०५ या काळात देशादेशांच्या संघांसाठी करंडक ठेवला. प्रत्येक देशाला रंग ठरला: फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा. १९०३ची शर्यत ब्रिटनच्या यजमानपदाखाली व्हायची होती, पण तिथल्या रस्त्यांवर कायद्यानं शर्यत करता येत नव्हती. खास कायदा करून ती आयर्लंडमध्ये घेतली आणि ब्रिटिश गाड्यांनी आयर्लंडच्या मानाखातर हिरवा रंग लावला. ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ म्हणून अभिमानानं मिरवला जाणारा रंग असा आयरिश आहे. बेनेटचं नाव इंग्लंडात आश्चर्याचा उद्गार म्हणून उरलं: ‘गॉर्डन बेनेट!’ आपण ‘अरे देवा’ म्हणतो तिथं.

देशांना रंग द्यायची कल्पना काउंट एलियट झ्बोरोव्स्की यांच्या नावावर सांगतात. १९०३मध्ये ला तुर्बीच्या चढणीच्या शर्यतीत ते गेले. त्यांचा मुलगा लुई यानं १९२१ साली मर्सिडीजच्या सांगाड्यावर विमानाचं तेवीस लिटरचं मायबाख इंजिन बसवून ब्रुकलँड्स हादरवलं. त्या गाडीचं नाव ‘चिटी बँग बँग’. काहींच्या मते ते इंजिनच्या आवाजावरून, काहींच्या मते सैनिकांच्या एका चावट गाण्यावरून. मला पहिलं पटतं, कारण ज्या भाषेनं मोटारसायकलला फटफटी म्हटलं तिच्या माणसाला आवाजावरून नाव ठेवणं यात काहीच अवघड वाटत नाही. लुईही १९२४ साली मोंझाला शर्यतीत गेला. गाडीचं नाव मात्र इयान फ्लेमिंगच्या मुलांसाठीच्या गोष्टीमुळे जगभर झालं.

या साऱ्याची आठवण कोण ठेवतं? कारखाने नाही. कारखान्यांनी जुन्या गाड्या भंगारात घातल्या. आठवण ठेवली हौशी लोकांनी, आणि या लोकांचा एक गुण शब्दचर्चा करणाऱ्याला फार भावतो: ते शब्दांच्या बाबतीत कमालीचे कर्मठ असतात. १८९६ साली ब्रिटनमध्ये वेगमर्यादा वाढवणारा कायदा झाला, त्या आनंदात १४ नोव्हेंबरला लंडनहून ब्रायटनला मोटारी निघाल्या. १९२७ साली जुन्या गाड्यांनिशी तो प्रवास पुन्हा केला गेला, आणि १९३०च्या फेरीनंतर ब्रायटनच्या हॉटेलात ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. लॅटिन ‘वेतुस’ म्हणजे जुना. व्हेटरन म्हणजे मुरलेला सैनिक. ब्रायटनच्या फेरीत १९०५च्या आधीचीच गाडी चालते. एका दिवसानं धाकटी असली तरी प्रवेश नाही. फेरीच्या आरंभी एक लाल झेंडा समारंभपूर्वक फाडतात. मोटारीपुढे लाल झेंडा घेऊन माणूस चालला पाहिजे अशी सक्ती १८९६ला संपली, अशी समजूत. झेंड्याची सक्ती खरं तर १८७८लाच गेली होती, पुढे चालणारा माणूस तेवढा शिल्लक होता. पण नुसता माणूस फाडता येत नाही, म्हणून झेंडा.

१९३४मध्ये, फारशा पैसेवाल्या नसलेल्या मंडळींनी ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ काढला. व्हिंटेज हा द्राक्षांचा शब्द: लॅटिन ‘विंदेमिया’, म्हणजे द्राक्षकाढणी. त्यावरून एखाद्या चांगल्या सालची दारू, आणि तिथून चांगल्या काळातली मोटार. क्लबच्या हिशेबानं व्हिंटेज म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर आणि १९३१च्या आधी बनलेली. १९०५ ते १९१८च्या गाड्या ‘एडवर्डियन’. राजा एडवर्ड १९१०लाच वारला, त्याच्या नावाच्या मोटारी आणखी आठ वर्षं बनत राहिल्या. हे काही कर्मठपणात बसत नाही, पण चालतं. १९३० नंतरच्या सगळ्याच गाड्या हलक्या, असं या मंडळींचं मत. तरी त्यातल्या काहींचा मोह सुटेना. मग त्यांच्यासाठी वर्ग केला ‘पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड’, म्हणजे अस्सल जातिवंत. पुन्हा घोडाच! बुगाटीच्या गाड्यांनाही फ्रेंच चाहते ‘पुर सां’, शुद्ध रक्ताच्या, म्हणत आले आहेत.

या जातीचे लोक एकेका शब्दामागे वर्षानुवर्षं घालवतात. शर्यत संपल्याची खूण म्हणून चौकडीचा झेंडा का? कोणी म्हणे सायकल शर्यतींवरून, कोणी म्हणे गावजेवणाच्या टेबलावरच्या चौकडीच्या कापडावरून. अमेरिकेतल्या फ्रेड एग्लॉफ यांनी यावर पुस्तकच लिहिलं, ते २००६ साली आलं. त्यांच्या शोधानुसार १९०६च्या ‘ग्लिडन’ मोटारफेरीत गाड्यांच्या वेळा तपासणारी ठाणी होती, तिथल्या तपासनिसांना ‘चेकर’ म्हणत, आणि ती ठाणी दिसावीत म्हणून चेकरचा, म्हणजे चौकडीचा, झेंडा लावला. म्हणजे हा झेंडा मुळात एक शाब्दिक कोटी आहे! याच जातीचे बिल बॉडी १९३६पासून ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक होते, आणि ब्रुकलँड्सचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला. ब्रुकलँड्सवरच्या शर्यती १९३९ला थांबल्या, मार्ग विमान कारखान्यानं गिळला, तरी उंच वळणाचे तुकडे उरले आणि १९९१ला तिथं संग्रहालय उभं राहिलं. लिहिलेलं शिल्लक नसतं तर त्या काँक्रीटचा अर्थ कोणी लावला असता?

आपल्याकडे ‘विंटेज’ कशालाही लागतो: काका-मामाची पद्मिनी, कॉलेजातला पोरगा घालतो तो चष्मा, हॉटेलची भिंत. आता सरकारनंही त्यात भर टाकली आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेलं दुचाकी-चारचाकी वाहन विंटेज ठरतं, त्याला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते आणि नव्या नोंदणीला २० हजार रुपये पडतात. म्हणजे इथला विंटेज दरवर्षी एक वर्ष पुढे सरकतो आणि तिथला १९३०वर खिळलेला आहे. मला तिथला बरा वाटतो. तारीख हलली की तो शब्द इतिहासाचा राहत नाही, वयाचा दाखला होतो.

पण मराठी माणसानं यात कमीपणा वाटून घेऊ नये. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची कसोटी झाली, सुमारे ६२० मैलांची, घाट चढत-उतरत. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट तिथं सरस ठरली, ‘पूर्वेचा मोती’ असं तिचं कौतुक झालं आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती घेतली. अशा कसोटीला शर्यत म्हणत नसत, ‘ट्रायल’ म्हणत. गाडी टिकते का याची परीक्षा. आजही गॅरेजवाला दुरुस्तीनंतर ‘एक ट्रायल मारून आणतो’ म्हणतो, ते याच अर्थानं. गॅरेज हाही फ्रेंच शब्द, मूळ अर्थ आसऱ्याला लावणं. मराठीत मात्र ती दुरुस्तीची जागा झाली.

आणि खरी दौलत तर पुढे आहे. पहिल्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली टायर चढवलेली जादा रिम शोधली. पंक्चर झालेल्या चाकाला ती शेजारून आवळायची. दुकान स्टेपनी रस्त्यावर होतं, म्हणून ती स्टेपनी. ब्रिटनमध्ये हा शब्द आता संग्रहालयातल्या पाटीवर भेटेल. आपल्याकडे एसटीच्या ड्रायव्हरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो रोज आहे. गाडीच्या मागच्या बाजूला उघडून बसायची बिनछपराची जागा म्हणजे ‘डिकी’. तीही बग्गीवरून आलेली, नोकरांची. ती बैठक गेली, तिथं सामान आलं, इंग्रजांनी त्याला दुसरं नाव दिलं आणि आपण डिकीच म्हणत राहिलो. शर्यतीच्या गाडीत चालकाशेजारी मेकॅनिक बसे, ग्रां प्रीमधून त्याला १९२५ साली उतरवलं. आपल्या ट्रकवर त्याचा भाऊबंद क्लीनर अजून बसलेला आहे. ब्रायटनची मंडळी वर्षातून एकदा जे जपतात ते आपल्या हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्यानं न जपता टिकवलं आहे.

मात्र हे शब्दही फार दिवसांचे सोबती नाहीत. पुष्कळ नव्या गाड्यांत जादा चाकाऐवजी हवा भरायचा पंप आणि चिकट द्रव्याची बाटली येते. चाक नसेल तर स्टेपनी कुठून राहणार? तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात हँडल मारून सुरू होणाऱ्या गाड्यांवर हात काळे केलेला जुना मिस्त्री अजून असेल, तर त्याच्यापाशी बसा आणि गाडीच्या एकेका भागाला तो काय म्हणतो ते विचारून लिहून घ्या: कोणत्या भागाचं नाव, त्याच्या तोंडी कसं, आणि त्यानं ते कोणाकडून ऐकलं. उच्चार सुधारू नका. जसा ऐकाल तसा लिहा.